‘न विझणारा कण’ म्हणे! वीज गेली की तोपण विझतो, साहेब

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात आतल्या पानावर क्वांटम डॉट नावाच्या बारीक कणांवर ‘न विझणारा कण’ म्हणून एक चौकट आली होती, ती वाचून सोमवार-मंगळवारात माझ्या दुकानात पाच माणसं येऊन गेली. दुकान टीव्ही रिपेरीचं, बेळगावात शहापूरला, कणबिण मी विकत नाही, पण स्क्रीन असलेल्या कुठल्याही वस्तूतलं याला कळतंय असं लोकांनी धरूनच ठेवलंय. त्यातले एक काका जांबोटीकडचे, स्टुलावर टेकले आणि म्हणाले, “काय गा, ते डॉटवालं बल्ब कधी येणार? आमच्यात पावसात लाईट गेली की दोन दोन दिवस पत्ता नसतोय.” आता त्यांचा काय दोष, चौकटीतली शेवटची ओळच तशी होती, हे कण एकदा पेटले की विझत नाहीत आणि उद्या अंधाराची चिंता मिटणार. साहेब, असं काही नाही. वीज गेली की डॉट पण गप्प. बाहेरून उजेड नाहीतर करंट दिल्याशिवाय तो काही देत नाही, घेतलेलं रंग बदलून परत देतो एवढाच त्याचा धंदा. ‘न विझणारा’ हा शब्द तसा खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळाच आहे आणि तो जास्त मजेचा आहे म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कापायचं तर शेवटाकडनं कापा, मधलं राहू द्या.

आधी मला यातलं काय कळतं ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील रिपेरीवाला नोबेल मिळालेल्या विषयावर बोलायला लागला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स इंग्लिशमधून, बी.एस्सी. फिजिक्स, तेव्हा बेळगावची कॉलेजं धारवाडच्या विद्यापीठाला जोडलेली होती. नोकरीचं काही जमलं नाही, हातात सोल्डरिंग आयर्न आलं ते आजपर्यंत. क्वांटमचं पुस्तकातलं सगळं साफ विसरलो होतो, परत आठवलं ते एका चुकीपायी.

सहा-सात वर्षं झाली असतील. खानापूरचं एक गिऱ्हाईक ५५ इंची टीव्ही घेऊन आलं, आवाज येतोय पण चित्र नाही, टॉर्च मारला की आत पुसट दिसतंय, म्हणजे बॅकलाईट, पडद्यामागचा दिवा, गेली. रोजचंच काम. पॅनेल उचलून गादीवर ठेवलं, शीटा एकावर एक होत्या तशा बाजूला काढल्या, खाली एलईडीच्या पट्ट्या, त्यातल्या दोन एलईडी उडालेल्या. त्या मापाच्या पट्ट्या बाजारात मिळाल्या, पांढऱ्या, आणून टाकल्या, टीव्ही चालू, पैसे पण घेतले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत दारात, “दादा, बातम्या वाचणारी बाई कावीळ झाल्यासारखी दिसाय लागलीय.” खरंच पिवळं होतं. मेनूत जाऊन रंग हलवले, बोर्डावर संशय घेतला, दोन दिवस असेच घालवले, मग सहज जुनी पट्टी टेस्टरवर लावली तर तिच्यातली जिवंत एलईडी निळी पेटली, गडद निळी. डोक्याला हात लावला मी. त्या टीव्हीत पांढरा दिवा नव्हताच! खाली निळा दिवा, आणि त्याच्यावर फिकट पिवळसर एक शीट, जी मी साधी डिफ्यूजर, उजेड पसरवणारी, समजून बाजूला ठेवली होती, तिच्यात हे क्वांटम डॉट. निळ्यातला काही भाग डॉट गिळतात आणि त्याचा हिरवा आणि लाल करून देतात, राहिलेला निळा तसाच वर येतो, तिन्ही मिळून पांढरा. मी खालनंच पांढरा दिला, त्यातला निळा शीटनं खाल्ला, मग कावीळ होणार नाहीतर काय. निळ्या पट्ट्या मागवून बसवल्या, खर्च पदरचा.

त्याच शीटवर अजून एक गोष्ट दिसली, ती पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो. निळ्या दिव्यावर शीट धरली की सगळीकडं पांढरट, पण चारी कडांना काडेपेटीतल्या काडीएवढी निळी किनार. तिथं डॉट मेलेले. शीटच्या वरून-खालून प्लास्टिकचा हवाबंद थर असतो पण कापलेली कड उघडी, तिथनं दमट हवा हळूहळू आत शिरते आणि कडेपासून खात जाते. खानापूरचा पाऊस आपल्याला माहितीच आहे.

आता डॉट म्हणजे काय ते थोडक्यात. अर्धवाहकाचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा, साधारण २ ते १० नॅनोमीटरचा स्फटिक. आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून काय ते समजा. गंमत अशी की माल तोच, नुसतं माप बदललं की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाईड घ्या, २ नॅनोमीटरचा कण निळ्याकडं, ६ च्या आसपासचा लाल. इलेक्ट्रॉनला आत जेवढी अडचण तेवढी त्याची ऊर्जा वर चढते, आणि जास्त ऊर्जा म्हणजे निळा. हे पहिल्यांदा दाखवलं रशियात अलेक्सी एकिमोव्हनं, १९८१ मध्ये, रंगीत काचेत. त्याला पत्ता नाही आणि इकडं अमेरिकेत बेल लॅबमध्ये लुई ब्रूसला १९८३ च्या सुमाराला तेच पातळ द्रावणात दिसलं. त्यानं केलेले कण टेबलावर तसेच पडून राहिले आणि नंतर बघतो तर त्यांचा रंग शोषायचा गुण बदललेला, कारण कण पडल्या पडल्या वाढले होते. आमच्यासारख्या पसारा करणाऱ्यांना बरं वाटावं असा शोध आहे हा. मग १९९३ मध्ये एमआयटीत मौंगी बावेंडीनं एकाच मापाचे कण करायची रीत बसवली, कडक तापवलेल्या द्रवात माल एकदम पिचकारीनं सोडायचा, सगळी बीजं एका क्षणात धरतात, द्रव जरा थंड झाला की नवीन धरायची थांबतात, मग परत तापवून जेवढी पाहिजेत तेवढी वाढवायची. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, काहिलीसमोर उभा राहिलेला गुळव्या पाक बघून जसा उतरवायची वेळ धरतो तसंच, फरक एवढाच की इथं चुकलं तर गूळ नाही, रंग बिघडतो. तिघांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्या दिवशी जाहीर व्हायच्या आधीच नावं ईमेलनं फुटली होती तो घोळ आपल्या पेपरात आला होता का आठवत नाही. आणि हाच बावेंडी कॉलेजात केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला होता, १०० पैकी २०, त्यानंच सांगितलंय. हे मात्र छापा, बारावीच्या पोरांना कामाला येईल.

आता मुद्द्यावर येतो. १९९६ मध्ये ब्रूस आणि बावेंडी यांच्या मंडळींनी एकेक डॉट वेगळा करून मायक्रोस्कोपखाली बघितला आणि काय दिसलं, डॉट लुकलुकतोय. वरनं लेसरचा उजेड एकसारखा चालू आणि हा मधेच बंद, मधेच चालू. इंग्लिशमध्ये याला ब्लिंकिंग म्हणतात, आपल्याकडं लुकलुकणं हा शब्द तयारच आहे, जणू यासाठीच ठेवलेला. माझी भाची ह्याच विषयात पीएचडी करते, बाहेरगावी असते, तिनं मला फोनवर व्हिडिओ दाखवला. काळ्या पडद्यावर विखुरलेले ठिपके, हा पेटला, तो गेला, परत आला. मी म्हटलं अगं हे तर आपल्याकडं मे अखेरीला जंगलात काजवे दिसतात तसं. ती म्हणाली, “नाही मामा, काजव्याला ठेका असतोय, ह्याला नाही.” आणि तेच खरं दुखणं आहे. एक डॉट एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा विझेल, तोच डॉट पुढच्या वेळी मिनिटभर गप्प बसेल. साधारण एवढा वेळ विझतो असं म्हणायला सरासरी धरावी तर तीपण टिकत नाही, जेवढा जास्त वेळ बघत बसाल तेवढी जास्त लांबीची गैरहजेरी सापडते. आमच्याकडं कधीतरी येणारी लूज कनेक्शनची केस अशीच, दुकानात आणली की टीव्ही चालतो, घरी नेला की बंद.

का लुकलुकतो, तर असं आहे. डॉटवर उजेड पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वर उडतो, त्याच्या जागी भोक राहतं, दोघं परत भेटले की उजेड बाहेर. पण कधीकधी उडालेला इलेक्ट्रॉन डॉटच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या खड्ड्यात पडतो आणि तिथंच अडकतो, आत भोक एकटं. आता पुढचा उजेड पडला, नवीन जोडी झाली, ती भेटली, पण सुटलेली ऊर्जा बाहेर न जाता ह्या एकट्या राहिलेल्याच्या पदरात पडते, ते उड्या मारतं आणि सगळं गरम होऊन वाया. असं दर वेळी. खड्ड्यातला इलेक्ट्रॉन परत येईपर्यंत डॉट अंधारात. ह्या ऊर्जा हातातून काढून घेण्याला ज्या शास्त्रज्ञाचं नाव आहे त्याला कॉलेजात आम्ही ऑगर म्हणायचो, माणूस फ्रेंच, खरा उच्चार ‘ओझे’च्या जवळचा, आणि मराठीत तो किती फिट बसतो बघा, डॉटच्या पाठीवर एक जादा ओझं असतं म्हणूनच तो दिवा लावत नाही. (पुढं २०११ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस लॅबच्या लोकांनी दाखवलं की दुसरी पण एक तऱ्हा आहे, तिच्यात इलेक्ट्रॉन नीट बसायच्या आधीच, गरम असतानाच, पृष्ठभाग त्याला ओढून घेतो. ते जाऊ दे, मूळ एकच, पृष्ठभाग.)

इथं कुणीतरी विचारणारच, मग माझा टीव्ही का लुकलुकत नाही? भाचीला मी हेच विचारलं होतं. यळ्ळूरच्या राजहंसगडावर रात्री कधी गेला असाल तर बेळगाव खाली कसं दिसतं आठवा. त्या उजेडात कुणी दिवा मालवतोय, कुणी लावतोय, अख्खी गल्ली अंधारात गेलेली असेल, पण वरनं बघणाऱ्याला उजेडाचा तो पट्टा तसाच दिसतो. शीटमध्ये डॉट मोजदाद नाही एवढे असतात, एकाचं लुकलुकणं दुसऱ्यात मिसळून जातं. नुकसान होत नाही असं नाही, जो डॉट विझलेला आहे तो त्या वेळी फुकट बसलाय, तेवढा उजेड कमीच. पण डोळ्याला टोचत नाही. टोचतं कुठं, तर जिथं एकाच डॉटवर भरवसा आहे तिथं. एक डॉट नीट वापरला तर तो एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकच कण, सोडतो, आणि असे मोजून एकेक फोटॉन पाठवायचे, वाटेत कुणी चोरून वाचलं तर कळावं, ही क्वांटम निरोपाची सगळी तारांबळ त्यावर आहे. किंवा पेशीच्या आत एखाद्या प्रोटीनला डॉट चिकटवून तो कुठं कुठं जातो ते बघायचं आहे, आणि मधेच दिवा गेला, परत आला तेव्हा तो तोच आहे की शेजारचा, कसं कळणार. म्हणून लोक गेली २५-३० वर्षं ह्या लुकलुकण्याच्या मागं लागलेत.

आणि इलाज सगळा बाहेरून आहे, साहेब, हेच आपल्या चौकटीत नव्हतं. बातमीत कण, कण, कण. खरं काम कणाच्या अंगावरच्या कपड्याचं आहे. एवढ्याशा कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो, आत असं काही उरतच नाही, आणि पृष्ठभागावरच्या अणूचा एखादा हात मोकळा राहिलेला असतो, तोच खड्डा. तो हात धरायला लांब शेपटीचे रेणू लावतात. नाव ऐकून मला हसू आलं, ओलेइक ॲसिड! आपल्या शेंगतेलात जे सगळ्यात जास्त असतं तेच. भाची सांगते, फ्रीजमध्ये ठेवलं की बाटलीत थिजून बसतं, थंडीत खोबरेल बसतं तसं, आणि घाईच्या दिवशी बाटली हातात धरून बसावं लागतं. पण हे रेणू पक्के नसतात, धरतात, सोडतात, परत धरतात, सुटलं की खड्डा उघडा.

मग दुसरा इलाज, कणावर दुसऱ्या अर्धवाहकाचं कवच चढवायचं. १९९६ मध्येच कॅडमियम सेलेनाईडवर झिंक सल्फाईडचं कवच चढवून उजेड एकदम वाढवून दाखवला होता. इलेक्ट्रॉन आत कोंडला, पृष्ठभागापर्यंत जाणारच नाही. पण इथं गवंड्याचा प्रॉब्लेम येतो. आमचं वडिलांचं घर मातीच्या भिंतीचं, एकदा काकांनी हौसेनं त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला, दोन पावसाळे टिकला, तिसऱ्याला ताटाएवढे पोपडे. माती हलते तशी सिमेंट हलत नाही. स्फटिकाचं तेच, आतल्याच्या अणूंचं अंतर आणि बाहेरच्याच्या अणूंचं अंतर जुळलं पाहिजे. सेलेनाईड आणि झिंक सल्फाईडमध्ये १२ टक्क्यांचा फरक, दोन-तीन थर जातात, पुढं ताण येऊन तडा, आणि तडा म्हणजे नवीन खड्डे, ज्यासाठी हे सगळं केलं तेच परत. कॅडमियम सल्फाईड घेतलं तर फरक ४ टक्क्यांच्या आसपास, मग जाड गिलावा बसतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला आणि पॅरिसमध्ये, दोन्हीकडं वेगवेगळं, असे जाड कवचाचे डॉट करून दाखवले, अमेरिकावाल्यांनी तर १९ थर चढवले, आणि लुकलुकणं खूपच कमी झालं. मला यातलं जे आवडलं ते पुढचं आहे, नंतर कळालं की आतून बाहेर एकदम पायरी नको, उतार पाहिजे, म्हणजे आतला माल हळूहळू बाहेरच्यात मिसळत जायला पाहिजे, मग ते ओझं देणं-घेणंच मंदावतं. चांगला गवंडी पण आधी मिश्र हात मारतो, एकदम निब्बर सिमेंट नाही.

जाड कवचाची पण किंमत असतेच. कण फुगतो, पेशीत घालायचा तर अडचण. आणि उजेडाऐवजी करंटनं पेटवायचा म्हटलं तर करंट एवढ्या कवचातनं आत जाणार कसा. म्हणून कुणी ‘प्रश्न सुटला’ असं म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या कामासाठी सुटला?

आता ज्याच्यावरून चौकट आली असेल असं मला वाटतं ते काम. पेरोव्स्काईट नावाच्या जातीचे डॉट असतात, सिझियम, शिसं आणि ब्रोमिन, २०१५ मध्ये झुरिकला केले, कवच नसताना सुद्धा भरपूर उजेड, करायला सोपे. पण नाजूक म्हणजे इतके नाजूक की पाणी लागलं की गेले, गरम झाले की गेले. त्यांच्यावरचे ते तेलकट रेणू तर सारखे सुटतात. २०२५ च्या सुरुवातीला ओक्लाहोमा विद्यापीठाच्या लोकांनी काय केलं, लांब शेपटीचे सोडून लहान रेणू घेतले, असे की ते नुसते कणालाच नाही तर एकमेकांना पण धरतात, विटेला वीट लागावी तसे शेजारी शेजारी बसून कणाभोवती त्यांचाच स्फटिकासारखा थर होतो. एक सुटायला बघितला तर बाजूचे सोडत नाहीत. त्यांचा एकेकटा डॉट लेसरखाली सलग १२ तास जवळजवळ न लुकलुकता चालला, आणि तेसुद्धा खोलीच्या तापमानाला, नाहीतर असले प्रयोग भयंकर थंडीत करावे लागतात. ‘न विझणारा’ तो हा. १२ तास, एक कण, काचेच्या पट्टीवर, लेसरखाली. मोठी गोष्ट आहे, मी कमी लेखत नाही, उलट आपल्या चौकटीनं तिला अंधाराच्या चिंतेला जोडून कमी लेखलं असं मला वाटतं.

अजून एक घोळ झालाय. उजेड टिकत नाही म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपल्या बातमीत तिन्हीची एकच भाजी झालीय. लुकलुकणं म्हणजे जातो आणि परत येतो. मरणं म्हणजे जातो तो परत येतच नाही, माझ्या शीटची निळी किनार ती ही. आणि तिसरं, रंग सरकणं, हवेतल्या ऑक्सिजननं कण बाहेरून झिजत जातो, न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीसारखा बारीक होतो, आणि बारीक झाला म्हणजे वर सांगितलं तसं रंग निळ्याकडं. एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. शीट बनवणाऱ्या कंपन्यांची लढाई दुसऱ्याशी आणि तिसऱ्याशी आहे, पहिल्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. हे एवढं वेगळं करून छापलं असतं तर जांबोटीचे काका स्टुलावर बसले नसते.

विषाचं पण दोन शब्द. कॅडमियम वाईट, युरोपात इलेक्ट्रिक वस्तूत त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का, म्हणून बऱ्याच टीव्हीत आता इंडियम फॉस्फाईडचे डॉट असतात, ते टिकवायला अजून अवघड, हवेनं लगेच खराब होतात. पेरोव्स्काईटमध्ये शिसं. चौकटीत ‘पर्यावरणपूरक’ लिहिलंय ते कुठनं आलं? माझ्याकडनं भंगारवाले फुटके पॅनेल नेतात त्यांना मी सांगतो, ह्या शीटा जाळू नका. ऐकतात की नाही, देवाला माहीत.

रागावून लिहितोय असं समजू नका. मी तिसरीत असल्यापासून हा पेपर घरात येतोय, वडील वाचून झाला की मला द्यायचे, शास्त्राची बातमी पहिल्यांदा मराठीत इथंच वाचली. आमच्या गल्लीतली पोरं शाळेत मराठी शिकतात, कन्नड शिकतात, अकरावीला सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्लिश, आणि भाची सांगते तिला ‘सरफेस ट्रॅप’ तोंडपाठ होतं पण ते काय असतं हे घरी आईला सांगायला शब्द नव्हता, खड्डा हा शब्द आमच्याच बोलण्यात सापडला. सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन काढलंय, ६,००३ कोटींच्या वर, २०३०-३१ पर्यंत, त्याची चार मुख्य केंद्रं, त्यातलं एक बेंगळुरूला, एक मुंबईला, बाकीची मद्रास आणि दिल्ली आयआयटीत. म्हणजे रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी आपलं पोरगं बेंगळुरू नाहीतर मुंबईच्या केंद्रात पोचतं, बेळगाव बरोबर मधे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवरचं काम कितीतरी जुनं, आपल्या भागातली पोरं तिथं शिकलेली आहेत, त्यांच्यातल्या एखाद्याला फोन करून बातमी दाखवून घेतली असती तरी चाललं असतं. एक रुपया खर्च नाही.

आणि ‘पुंजबिंदू’ म्हणा की क्वांटम डॉट म्हणा, माझी काही तक्रार नाही, फक्त एकाच चौकटीत एकदा पुंजबिंदू, एकदा क्वांटम ठिपका, एकदा सूक्ष्म दिवा असं नको, वाचणाऱ्याला वाटतं तीन वस्तू आहेत. लुकलुकणं मात्र लुकलुकणंच ठेवा, ‘प्रकाश-अस्थैर्य’ वगैरे करू नका.

राहता राहिलं जांबोटीचं. त्या काकांना मी बॅटरीवर चालणारा साधा एलईडी बल्ब दाखवला, त्यांनी दोन घेतले आणि जाताना म्हणाले, “मग तो कण कशाला हाय?” तेव्हा मी ती जुनी शीट काढली, खानापूरच्याच टीव्हीची, नंतर फुटलेल्या पॅनेलसकट माझ्याकडंच आली होती. दुकानाचा दिवा बंद केला, निळी एलईडी लावली, शीट वर धरली, पांढरं झालं, शीट काढली, निळं. त्यांनी स्वतः चार वेळा घालून काढून बघितलं. मग किनारीवर बोट ठेवून विचारलं, “हितं काय झालंय?” म्हटलं, पाऊस.

ती शीट दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय. संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते, आपल्या पेपरातून कुणाला यायचं असेल तर या, शाळेतली पोरं आली तरी चालतील, फक्त कडेला हात लावू देणार नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक टीव्ही रिपेरीवाला,
शहापूर, बेळगाव